जिन्याखालच्या खोलीतला उजेड

प्लेट पाण्यातून वर काढली आणि बाईंच्या मनात पहिलं नाव आलं ते सरांचं.

ते यायला नको होतं. भिंग हातात कसं धरायचं इथपासून ज्यांनी शिकवलं, त्यांचं नाव असं चोरांच्या यादीत यावं याची बाईंना स्वतःलाच लाज वाटली. पण नाव आलं खरं, आणि आलं ते ठिय्या देऊन बसलं.

त्यांनी काच लाल दिव्यासमोर धरली. सुईची सावली नव्हती. सावलीच्या कडेला जे बारीक पट्टे दिसायला हवे होते, तेही नव्हते. डाव्या अंगाने सुरू होऊन अर्ध्या काचेवर पसरलेला नुसता काळा ढग होता. फोटोच्या काचेवर काळं म्हणजे उजेड. जिथे उजेडाने पाऊल टाकायला नको होतं तिथे तो पाय पसरून झोपला होता. आणि ही तिसरी प्लेट होती. एकदा बिघडलं तर आपली चूक, दुसऱ्यांदा बिघडलं तर नशीब, तिसऱ्यांदा बिघडलं तर त्याला कुणाचे तरी हात लागलेले असतात, असं बाईंची आई म्हणायची. ती दुधाबद्दल म्हणायची, पण प्लेटलाही ते लागू पडत होतं.

त्या काळी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बायका बोटांवर मोजायच्या म्हटल्या तर एक बोट पुरे होतं. म्हणून विद्यार्थी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे आणि घोटाळा होत नसे. सर म्हणजे विभागाचे प्रमुख. बाई त्यांच्याच हाताखाली शिकल्या आणि त्यांच्याच शब्दावर नोकरीला लागल्या.

सरांचा उजेडावरचा पहिला तास कॉलेजभर प्रसिद्ध होता. दुसऱ्या वर्गांतली मुलं आपापले तास बुडवून मागच्या बाकांवर येऊन बसायची. टेबलावर पाण्याचा पसरट ट्रे असायचा. सर सांगायचे, तीनशे वर्षांपूर्वी एका थोर माणसाने ठरवलं की उजेड म्हणजे बारीक कण, बंदुकीच्या छऱ्यांसारखे सरळ सुटणारे. माणूस एवढा थोर, की पुढे शंभर वर्षं कुणाची तोंड उघडायची छाती झाली नाही. मग एकाने दोन बारीक फटींतून उजेड सोडला, तर पडद्यावर उजेड-अंधाराचे पट्टे पडले. आता छऱ्यांत छरे मिळवले तर जास्त छरे होतात. उजेडात उजेड मिळवून अंधार होतो, तो फक्त लाटांचा. इथे सर दोन बोटं पाण्यात बुडवून हलवायचे, आणि दोन लाटा जिथे एकमेकींना गिळतात ती शांत जागा मुलांना दाखवायचे. लाटा न मानणाऱ्या एका गणित्याची गोष्ट तर ते रंगवून सांगायचे. त्याने चिडून गणित मांडलं, की लाटा खऱ्या असतील तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मधोमध उजेडाचा ठिपका पडायला हवा. आहे की नाही वेडेपणा? कुणीतरी जाऊन पाहिलं, तर ठिपका होता. इथे वर्ग टाळ्या वाजवायचा. एके काळी बाईंनीही वाजवल्या होत्या, तळहात लाल होईपर्यंत.

पण गोष्ट तिथे थांबली नव्हती. नव्या अभ्यासक्रमात आणखी एक धडा आला. काही धातूंवर निळा उजेड पडला की त्यातून विजेचे कण उडतात. लाल उजेड घागरी भरभरून ओता, एक कण हलत नाही. लाटांच्या हिशेबाने हे जमत नव्हतं. जमत होतं ते असं मानलं तर, की उजेड दाण्यादाण्याने येतो, निळा दाणा वजनदार आणि लाल दाणा हलका. सरांनी धडा वाचला, पुस्तक मिटलं आणि बाईंकडे सरकवलं. हा तू शिकव म्हणाले, माझ्या तोंडून ते बाहेर पडायचं नाही. त्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत बाईंना 'दाणेवाल्या बाई' हे नाव पडलं. बाई हसून घ्यायच्या. रोज हसून घेणं मात्र सोपं नसतं.

मग एका दुपारी चहाच्या वेळी सरांनी सगळ्यांदेखत पेच टाकला. उजेड दाण्यांचा असेल, तर दाणे एकेक करून सोडा. एकटा दाणा कुणाशी मिळून पट्टे पाडणार? म्हणजे पट्टे नाहीसे व्हायला हवेत.

"पट्टे राहतील, सर," बाई म्हणाल्या. "आणि दाणेही खरेच असतील."

"म्हणजे दोन्ही? अगं, लग्नाची मुलगीसुद्धा एकच स्थळ पसंत करते."

सगळे खो खो हसले. बाई उठल्या त्या तडक प्रिन्सिपॉलांकडे गेल्या आणि जिन्याखालची खोली मागून आल्या. खोली कसली, मोडक्या खुर्च्यांची अडगळ. प्रिन्सिपॉलांनी सत्र संपेपर्यंतच दिली. सत्र संपलं की तिथे टायपिंगच्या वर्गाची यंत्रं यायची होती. त्याआधी एक तरी स्वच्छ प्लेट निघायला हवी होती. नाहीतर 'दाणेवाल्या बाई' हे नाव निवृत्तीपर्यंत पुसलं जाणार नव्हतं, आणि पुन्हा खोली मागायला तोंडही उरणार नव्हतं.

खोलीत बाईंनी एक लांब लाकडी पेटी उभी केली. आतून काळी कुळकुळीत रंगवली, सांधे कापूस आणि रोगणाने बुजवले. एका टोकाला टॉर्चचा छोटा बल्ब, त्याच्यापुढे काजळी धरलेल्या काचांचा थर, मग टाचणीच्या टोकाएवढं भोक, मधोमध शिवणाची सुई आणि दुसऱ्या टोकाला फोटोची प्लेट. काजळीतून उजेड इतका गाळून यायचा की बाईंच्या गणिताप्रमाणे एक दाणा प्लेटवर आपटल्याशिवाय दुसरा दिव्याकडून निघतच नव्हता. म्हणून एक प्लेट दोन-दोन आठवडे ठेवावी लागायची. थेंबाथेंबाने हंडा भरण्यातला प्रकार.

सुरुवातीच्या चाचण्या मामांनी केल्या होत्या. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई, पण शिपाई म्हटलं तर ते ओ देत नसत. लाल दिव्याच्या उजेडात ते झटक्यात प्लेट बसवायचे, आणि पेटीतला बल्ब न लावता ठेवलेल्या त्या प्लेटा धुतल्यावर आरशासारख्या स्वच्छ निघाल्या होत्या. खरा प्रयोग सुरू झाला तेव्हा बाईंनी प्लेट बसवण्याचं काम आपल्याकडे घेतलं. या प्लेटांना लाल उजेड दिसत नाही हे ठाऊक असूनही, इतक्या नाजूक कामात त्यांना लाल दिव्याचाही भरवसा वाटेना. दार लावून, फटींना काळं कापड कोंबून, गच्च अंधारात त्या प्लेट बसवायच्या. आणि तेव्हापासून सगळं काळवंडत चाललं होतं.

प्लेटा वाईट म्हणाव्यात तर त्याच पुड्यातली कोरी प्लेट धुऊन पाहिली, ती स्वच्छ. धुण्याची रसायनं वाईट म्हणावीत तर तीही त्याच परीक्षेत पास झाली. काळी पडायची ती फक्त पेटीत जाऊन आलेली. म्हणजे बाईंच्या पाठीमागे पेटी कुणीतरी उघडत होतं.

खोलीच्या किल्ल्या तीन. एक बाईंकडे, एक मामांकडे, एक सरांकडे.

संशय आला की माणसाच्या डोळ्यांना नको ते दिसायला लागतं. सर रोज सकाळी जिन्यावर भेटायचे आणि विचारायचे, काय म्हणतायत तुझे दाणे? आधी बाईंना ती थट्टा वाटायची. आता वाटायला लागलं, हा माणूस अंदाज घेतोय. एकदा मधल्या सुट्टीत त्या अचानक खाली आल्या, तर सर जिन्याखालच्या दारातून बाहेर पडत होते. बाईंना पाहून त्यांनी उगाच रुमाल काढून चष्मा पुसला. बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती मग गप्पच बसेना.

घरी त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. तो छापखान्यात खिळे जुळवणारा, दिवसभर उलटी अक्षरं वाचणारा. त्याला सरळ गोष्टही उलटून बघायची सवय. त्याचं म्हणणं, निवृत्तीला आलेल्या माणसाने जन्मभर एक गोष्ट शिकवली आणि त्याचीच शिष्या ती खोडायला निघाली, तर त्याने काय तिला ओवाळावं? नणंद माहेरपणाला आली होती. तिचे यजमान बोटीवर नोकरीला, त्यामुळे तिच्या बोलण्याला नेहमी दूरदेशीचा वास. ती म्हणाली, "मी तुला घड्याळ आणून दिलं ते घरी वेळेवर यावंस म्हणून. तू आता त्यावर चोर पकडायची वेळ बघतेस."

"वन्सं, चोर सापडला की लवकर येईन."

"सापडला नाही तर?"

"तर तोच हुशार म्हणायचा," नवरा म्हणाला, आणि चोराच्या मनात चांदणं असतं, तेव्हा सरांच्या डोळ्यांत बघ, असा सल्लाही त्याने दिला.

बाईंनी डोळ्यांत बघितलं नाही, पण पावलं उचलली. आधी त्यांनी मामांकडून किल्ली मागून घेतली. मामा किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून हिंडायचे. त्यातून एक किल्ली काढायला त्यांना बराच वेळ लागला. काढून त्यांनी ती बाईंच्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली.

"बाई, या खोलीचं कुलूप मी बसवलंय," ते म्हणाले. "माझ्यावर संशय असेल तर तोंडावर सांगा. किल्ली कशाला घेता, ती काय साक्ष देणार आहे?"

बाई म्हणाल्या संशय तुमच्यावर नाही. मग कुणावर, असं मामांनी विचारलं नाही. ते न विचारणंच बाईंना जास्त लागलं.

सरांची किल्ली मागायची हिंमत त्यांना झाली नाही. त्याऐवजी त्यांनी चौथी प्लेट बसवल्यावर पेटीच्या झाकणाला स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख अंधारातच लावली आणि ती ओली असताना आपल्या अंगठीचा ठसा उमटवला. झाकणाच्या सांध्यावर डोक्याचा एक केस डिंकाने चिकटवला. आणि शेवटची खबरदारी म्हणून बाजूला एक छोटी पेटी ठेवली. तिच्यात दिवाच नव्हता, नुसती एक प्लेट, तीही तशीच लाख लावून बंद. बाईंनी तिचं नाव साक्षीदार ठेवलं. दोन आठवडे त्यांनी डोळ्यांत तेल घालून पहारा केला. प्रत्येक तासाच्या मधे खाली यायचं, लाख बघायची, केस बघायचा, वर जायचं. मुलं म्हणायला लागली, बाईंची काहीतरी वस्तू जिन्याखाली हरवलीय.

दोन आठवड्यांनी लाख अभंग होती, केस जागच्या जागी होता, आणि दोन्ही प्लेटा काळ्या होत्या. डाव्या बाजूने, तसाच ढग. साक्षीदारावर तर जास्तच. आधीच्या पेटीची लाख वाळेपर्यंत ती प्लेट बाईंनी हाताखाली दाबून धरली होती.

बाई डार्करूममधल्या स्टुलावर बसून राहिल्या. दिवा नसलेल्या, लाखेने बंद केलेल्या पेटीत उजेड शिरला होता. अशी गोष्ट जगात एकाच तऱ्हेने होऊ शकते: कुणीतरी लाख फोडून पुन्हा लावली, ठसा उमटवला आणि केसही चिकटवला. प्लास्टरमध्ये ठशाची नक्कल कशी घ्यायची हे बाईंना कुणी शिकवलं होतं? सरांनी, पहिल्या वर्षाला. आता कुठलीच पळवाट उरली नाही.

सत्राचे शेवटचे थोडे आठवडे उरले होते. फार तर एक प्लेट होणार होती. टायपिंगचे मास्तर येऊन टेप लावून खोलीची मापंही घेऊन गेले. बाईंनी ठरवलं, आता मागून पहारा ठेवून भागायचं नाही, संशय आहे त्यालाच सोबत घ्यायचं. ज्याच्या डोळ्यांसमोर प्लेट बसवली त्याला नंतर काही करायला तोंड राहणार नाही. आणि करायचंच असेल तर त्याच्या श्वासावरून कळेल.

त्या सरांच्या खोलीत गेल्या. सर पेपर तपासत होते.

"सर, उद्या प्लेट बसवताना तुम्ही आत थांबा."

"मी कशाला?"

"चार प्लेटा काळ्या झाल्या. पाचवी होऊ नये म्हणून."

सरांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "आलं लक्षात. येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं जिन्याखालच्या खोलीत शिरले. मामा बाहेर उभे. बाईंनी दार लावलं, कापडं कोंबली आणि दिवा बंद केला. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबायचं, एखादी फट राहिली असेल तर तेव्हाच कळते. सरांचा श्वास ऐकू येत होता, म्हाताऱ्या माणसाचा, किंचित शिट्टी वाजणारा. बाई कान देऊन ऐकत होत्या.

"त्या दिवशी तू मला या दारात पाहिलंस," सर अंधारातूनच म्हणाले.

"हो."

"मी पेटीच्या सांध्याला बाहेरूनच डोळा लावून बसलो होतो. आत काही उजळलेलं दिसतं का, हे बघायला."

"आणि?"

"नाही दिसलं. मला वाटलं होतं तू बल्ब मोठा ठेवला असशील. म्हणजे भरपूर उजेडाने पट्टे आले की तुला ते एकेक दाण्याचे म्हणून सांगता येतील." सरांनी घसा खाकरला. "हे तुझ्या तोंडावर सांगायला अंधारच लागला."

इतके दिवस बाई एका माणसाच्या मागावर होत्या आणि तो माणूस त्यांच्या मागावर होता. त्यांनी पुडा उघडला, एक प्लेट काढली. अंधारात प्लेटची, उजेड टिपणारा मसाला लावलेली बाजू कुठली हे हाताला कळत नाही. तिचा कोपरा ओठाला लावतात, मसाल्याची बाजू किंचित चिकटते. बाईंनी तसा लावला. मग प्लेट टेबलावर ठेवून तिच्यावर डावा हात आडवा धरला, म्हणजे ती घसरायची नाही, आणि उजव्या हाताने पेटीतली खाच चाचपडायला लागल्या. ती खाच कधीच पटकन सापडत नसे.

"ते काय आहे?" सरांनी विचारलं.

"काय?"

"तुझ्या हातावर. हिरवं."

"घड्याळ आहे, सर. अंधारात वेळ दिसणारं. नणंदेने दिलंय." बाईंना त्या वेळीसुद्धा रागच आला, माणूस काहीतरी विषय काढून लक्ष उडवतोय असं वाटलं. "काजव्याच्या शेपटीएवढा तर उजेड. तो काय करणार?"

सरांच्या श्वासाची शिट्टी थांबली.

"एवढासा म्हणजे किती दाणे?" ते म्हणाले.

बाईंचा हात खाचेतच राहिला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातला कळसा हिरवा चमकत होता. लाल दिव्यात मामा डोळ्यांनी बघून झटक्यात प्लेट बसवत. बाई चाचपडत मिनिटं घालवायच्या, आणि तेवढा सगळा वेळ डाव्या मनगटावरचे ते बारा हिरवे आकडे काचेवर बोटभर अंतरावरून बघत बसायचे. ढग दर वेळी डावीकडूनच का येतो, हे त्यांनी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. प्लेटा धुताना तर रसायनांचे डाग पडू नयेत म्हणून घड्याळ पर्समध्ये जायचं, म्हणून तिथे सगळं स्वच्छ निघायचं. जास्त संशय, जास्त अंधार. जास्त अंधार, जास्त चाचपडणं. प्लेटांचा चोर त्यांनी स्वतःच्या हाताने पाळला होता.

पण मेली लाज त्याची नव्हती. भरपूर उजेड म्हणजे भरपूर परिणाम, क्षीण उजेड म्हणजे नगण्य परिणाम, पाण्याच्या हळू लाटेने होडी हलत नाही तसा, ही सरांची गोष्ट. त्यांची स्वतःची गोष्ट होती की उजेड कितीही क्षीण असो, एक दाणा पोचला तर तो पुरता पोचतो, अर्धामुर्धा नाही. वर्गात त्या हेच सांगत आल्या होत्या. डोक्यात दाणे होते. हातात मात्र अजून लाटाच होत्या.

त्यांनी घड्याळ काढलं, पुडा मिटला आणि बाहेरची प्लेट काळ्या कागदात गुंडाळून ठेवली. दार उघडून आधी ते मामांच्या हातात दिलं, मग दार पुन्हा लावून नव्याने सगळं केलं. ती घड्याळाखाली सापडलेली प्लेट फेकून न देता त्यांनी धुतली. तिच्यावर डावीकडून ढग होता, आणि ढगाच्या कडेला, अगदी नीट पाहिलं तर, आकड्यांच्या गोलाचा पुसट माग. सरांनी ती भिंग लावून बघितली आणि खिशात घातली. मामांना बाईंनी किल्ली परत दिली. त्यांनी ती जुडग्यात लावली नाही, आठवडाभर टेबलावरच पडू दिली. मग एक दिवस लावली. माफी मागण्याचा एक शब्द बाईंच्या तोंडून निघाला, दुसरा निघाला नाही, आणि मामांनी तेवढ्यावर भागवलं.

पाचवी प्लेट सत्राच्या शेवटच्या आठवड्यात निघाली. बाईंनी ती पाण्यातून वर काढली तेव्हा मामा आणि सर दोघंही पाठीशी होते. काच स्वच्छ होती. मधे सुईची बारीक सावली, आणि तिच्या दोन्ही कडांना, केसांनी ओढावेत तसे, पट्टे. एकावेळी एकच दाणा सोडूनही पट्टे.

सरांनी काच दिव्यासमोर धरली.

"या माझ्या लाटा आहेत," ते म्हणाले.

"एकेक दाण्याने आलेल्या," बाई म्हणाल्या. त्यांनी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दाखवली. पट्टा जवळून बघितला की तो पट्टा राहतच नव्हता, सुटे सुटे काळे ठिपके होते, कुठे दाट, कुठे विरळ.

"हे ठिपके काचेवरच्या चांदीचे. प्लेट बनतेच चांदीच्या कणांची. उजेडाचे दाणे कशावरून?"

बाईंकडे याला अर्धंच उत्तर होतं. लाल दिव्याखाली आपण या प्लेटा बिनघोर हाताळतो, आणि घड्याळाच्या हिरव्याने त्या जळतात, कारण लाल दाणा हलका पडतो, हे त्यांनी सांगितलं. सरांनी मान हलवली. पटल्याची नव्हे, ऐकल्याची. मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आणि तू मधल्या काळात बल्ब बदलला नाहीस कशावरून?"

हाच प्रश्न महिन्याभरापूर्वी आला असता तर बाई रडल्या असत्या. आता त्यांना नवल वाटलं की तो किती रास्त आहे. त्यांनीही सरांना हाच विचारला असता.

"तुम्ही स्वतः करून बघा, सर."

"खोली आहे कुठे? सोमवारपासून टायपिंग."

खोली मागण्याची बाईंची पत चार काळ्या प्लेटांत संपली होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सरांनी कोट अंगावर घातला आणि ते प्रिन्सिपॉलांकडे गेले. आत काय झालं ते नंतर कारकुनाने सांगितलं. सरांनी बाईंच्या प्रयोगाची बाजू घेतली नव्हती. उलट, विभागात एक निकाल आलाय आणि त्याच्यावर माझा विश्वास नाही, असं त्यांनी सांगितलं. तो खोटा ठरवल्याशिवाय मी निवृत्त होणार नाही, आणि त्यासाठी मला ती खोली सुट्टीभर आणि पुढचं सगळं सत्र हवी आहे. प्रिन्सिपॉलांना वाद नको होता. टायपिंगची यंत्रं व्हरांड्यात गेली. बाईंच्या बाजूने चार माणसं बोलली असती तरी जे मिळालं नसतं, ते सरांच्या संशयाने एका फेरीत मिळवून दिलं.

सोमवारी सरांनी बल्ब स्वतः निवडला, काचांना काजळी स्वतः धरली, गणित स्वतः केलं. प्लेट बसवायची वेळ आली तेव्हा बाई मदतीला पुढे झाल्या, तर त्यांनी हाताने थांबवलं. मामांना दारात उभं केलं आणि आत कुणालाही सोडायचं नाही म्हणून बजावलं. बाईंकडे बोटही दाखवलं, म्हणजे गैरसमज नको. मामा मिशीत हसले.

दार लागलं. आतून पेटी सरकल्याचा आवाज आला, काहीतरी पडल्याचा, मग सरांचं पुटपुटणं. बाई जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभ्या होत्या.

"बाहेर कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी आहे, सर."

"लांब उभी राहा."

बाई हसल्या, आणि पदर खोचून वरच्या पायरीवर जाऊन बसल्या.